बूट काढले की दुखणे जाते का?

ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकी पत्रकाराचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. धावण्याविषयीची पुस्तके सहसा धावणारेच वाचतात. हे पुस्तक मात्र मैदानावर कधी पाऊल न टाकलेल्यांनीही वाचले, आणि ते वाचून कितीतरी लोकांनी पायांतले बूट काढून टाकले. पुस्तकामुळे लोकांचे वागणे इतक्या थेट बदलल्याची उदाहरणे थोडी. त्यामुळे प्रसिद्धीनंतर इतक्या वर्षांनीही त्याची चिकित्सा करणे उपयोगाचे आहे. किंबहुना आता ती अधिक नीट करता येते, कारण मधल्या काळात पुस्तकातल्या विधानांची तपासणी झाली आहे.

पुस्तकाची सुरुवात साध्या प्रश्नाने होते: माझा पाय का दुखतो? लेखक धावतो, पाय दुखतो, तो डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात आणि धावणे माणसाच्या शरीराला मानवत नाही असे सांगतात. लेखकाचे समाधान होत नाही. दुखणे दाबून टाकायचे आणि त्याचे मूळ तसेच ठेवायचे, ही उपचाराची रीत त्याला पटत नाही. इथवर आपण सगळे त्याच्या बाजूचे असतो. ‘मूळ कारण शोधा’ हे आपण वर्गातही सांगत आलो आहोत. पण एखादी गोष्ट मूळ कारण आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न पुस्तकात पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

आधी पुस्तकाचे गुण सांगायला हवेत. मेक्सिकोच्या चिवावा राज्यात तांब्याची दरी म्हणून ओळखला जाणारा खोल दऱ्यांचा प्रदेश आहे. तिथे रारामुरी लोक राहतात; बाहेरचे लोक त्यांना ताराहुमारा म्हणतात. टायरच्या रबराचा तळवा आणि चामड्याची वादी एवढ्याच चपलांवर ते डोंगरातून मैलोगणती धावतात. १९९३ साली अमेरिकेतील लेडव्हिल येथे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर होणारी सुमारे १६० किलोमीटरची शर्यत त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुर्रो यांनी जिंकली. तेव्हा त्यांचे वय ५५ होते. पुढे २००६ साली उरिके गावी रारामुरी आणि काही अमेरिकी धावपटू यांच्यात सुमारे ७५ किलोमीटरची शर्यत झाली. त्या काळचे नामवंत स्कॉट ज्युरेक तीत दुसरे आले, पहिले आले अर्नुल्फो किमारे. ही सारी हकिगत मॅकडूगल यांनी इतकी रंगवून सांगितली आहे की पुस्तक खाली ठेववत नाही. माणसे, दऱ्या, मक्याचे पीठ, थट्टामस्करी, सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. प्रवासवर्णन म्हणून ते उत्तमच आहे.

कथेच्या पोटात एक युक्तिवाद आहे. माणूस लांब पल्ला धावण्यासाठीच उत्क्रांत झाला. त्याचे पाऊल परिपूर्ण आहे. १९७०च्या दशकात जाड गादीचे बूट आले, त्यांनी माणसाला टाचेवर आपटत धावायला शिकवले, आणि तेव्हापासून दुखापती सुरू झाल्या. म्हणून बूट हेच मूळ कारण. ते काढा, दुखणे जाईल.

यातील पहिला भाग हवेतला नाही. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनिएल लीबरमन यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखात मानवी सांगाड्यावर लांब धावण्याच्या खुणा दाखवल्या होत्या. डोके स्थिर ठेवणारा मानेमागचा अस्थिबंध, नितंबाचा मोठा स्नायू, टाचेमागचा स्प्रिंगसारखा लांब कंडरा, घामाने अंग थंड ठेवण्याची सोय या त्या खुणा. दुसऱ्या भागालाही भौतिकशास्त्राचा आधार आहे, आणि तो वर्गात दाखवण्याजोगा आहे.

लाकडी पट्टी हातभर उंचीवरून उभी सोडा. तिचे टोक टेबलावर आपटते आणि त्याच क्षणी अख्खी पट्टी थांबते. आता तीच पट्टी आडवी धरून अशी सोडा की तिचे एकच टोक टेबलाच्या कडेवर आपटेल. टोक थांबते, पण बाकीची पट्टी फिरत खाली जात राहते. गणित केले तर दिसते की एकसारख्या पट्टीच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकारात आपटण्याच्या क्षणी पट्टीच्या वस्तुमानाचा फक्त चौथा हिस्सा धक्क्यात सामील असतो. अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित जमेल. टाचेवर पडणारे पाऊल उभ्या पट्टीसारखे असते. पाऊल आणि नडगी क्षणभर एकदम थांबतात. चवड्यावर पडणारे पाऊल घोट्याच्या बिजागरीवर फिरते, म्हणून धक्क्यात कमी वस्तुमान येते. लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हे मोजले. टाचेवर पडताना शरीराच्या वस्तुमानाचा सरासरी सुमारे ७ टक्के भाग एकदम थांबत होता, अनवाणी चवड्यावर पडताना २ टक्क्यांहून कमी. हा फरक खराच मोठा आहे.

पण धक्का कमी झाला म्हणजे दुखापत कमी झाली, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. चवड्यावर धावताना टाच जमिनीवर आपटू न देण्याचे काम पोटरीला करावे लागते. धावताना टाचेमागच्या कंडऱ्यावर एरवीच शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. चवड्यावर धावल्याने तो आणखी वाढतो. म्हणजे गुडघ्याकडचा भार उतरवून तो पोटरीवर आणि पावलाच्या लांब हाडांवर ठेवला. भार नाहीसा झाला नाही. ज्याचा गुडघा दुखतो त्याला हा बदल उपकारक ठरेल, ज्याची टाच दुखते त्याला अपायकारक. लीबरमन यांच्या शोधनिबंधात ‘संरक्षण मिळू शकेल’ एवढीच भाषा होती. लोकांच्या तोंडी ती ‘मिळते’ अशी झाली.

पुस्तकात सर्वांत जास्त उद्धृत झालेले विधान म्हणजे महागडे बूट वापरणाऱ्यांना स्वस्त बूट वापरणाऱ्यांपेक्षा १२३ टक्के अधिक दुखापती होतात. याचा उगम स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या १९८४ सालच्या शर्यतीत आहे. बर्नार्ड मार्टी यांनी तीत भाग घेतलेल्या ४,३५८ धावपटूंची पाहणी केली होती. आकडा खोटा नाही. पण महाग बूट कोण घेतो? बहुधा जास्त धावणारा, आणि आधीच एकदा पाय दुखावून बसलेला. ज्या घरात औषधांचा डबा मोठा त्या घरात आजारपण जास्त असते. म्हणून कोणी डबा फेकून द्या असे सांगत नाही. मार्टी यांनी एका वेळी घेतलेल्या पाहणीतून आधी बूट आला की आधी दुखणे आले हे कळण्याचा मार्गच नव्हता. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

दुसरा मुद्दा असा की बूट सुधारले तरी १९७०पासून दुखापतींचे प्रमाण घटले नाही. हेही खरे मानले तरी त्यातून काय निघते? १९७०च्या सुमारास धावणारे बहुतेक तरुण, सडपातळ, लहानपणापासून सराव असलेले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत चाळिशीनंतर वजन उतरवण्यासाठी धावू लागलेल्यांची त्यांत मोठी भर पडली. छेदातली माणसेच बदलली. आणि धावणाऱ्या रारामुरींकडे पाहून त्यांचे पाय दुखत नाहीत असे म्हणताना, ज्यांचे पाय दुखतात ते शर्यतीला येतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इतिहासही पुस्तकाच्या बाजूने नाही. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ साली कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांतील वेदना आणि सूज यांचे वर्णन केले होते. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. त्यानंतर दोनच वर्षांत कळले की हा पावलाच्या लांब हाडांना गेलेला सूक्ष्म तडा आहे. गादीचे बूट तेव्हा नव्हते. मूळ कारण येण्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी त्याचा परिणाम हजर होता.

पुस्तकानंतर काय घडले? २०१३ साली सारा रिज आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या ३६ धावपटूंचे दोन गट केले. एक गट नेहमीच्या बुटांवर धावत राहिला. दुसरा दहा आठवड्यांत हळूहळू बोटे सुटी असलेल्या अतिपातळ बुटांवर आला. या दुसऱ्या गटातील १९ पैकी १० जणांच्या पावलातील निदान एका हाडाच्या मगजात सूज वाढल्याचे चुंबकीय प्रतिमेत दिसले. पहिल्या गटात हे प्रमाण बरेच कमी होते. त्याच वर्षी केनियाच्या उत्तरेकडील दासनेच लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. जन्मभर अनवाणी चालणारे हे लोक आपल्या सोयीच्या वेगाने धावताना ७२ टक्के वेळा टाचेवरच पडत होते. २०१४ साली खुद्द लीबरमन यांनी रारामुरींचीच मोजणी केली. पारंपरिक चपला घालणाऱ्यांतही सुमारे ३० टक्के टाचेवर पडणारे निघाले. आणि अतिपातळ बूट बनविणाऱ्या व्हिब्रॅम कंपनीने, या बुटांनी दुखापती टळतात या जाहिरातीवरून अमेरिकेत झालेल्या दाव्यात, आपली चूक मान्य न करता, तडजोड म्हणून ३७.५ लाख डॉलर बाजूला काढले. तेही २०१४ सालीच.

लक्झेंबर्गमधील मालिसू आणि सहकाऱ्यांचा २०२०चा प्रयोग सर्वांत नेटका. त्यांनी ८४८ धावपटूंना दिसायला सारखेच बूट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटले. काहींचा तळवा मऊ, काहींचा कडक. कोणाला कोणता बूट मिळाला हे धावणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांचा दुखापतीचा धोका मऊ बूटवाल्यांच्या दीडपट भरला. म्हणजे मॅकडूगल यांच्या अंदाजाच्या उलट. आणि गंमत अशी की मऊ तळव्याचा फायदा वजनदार माणसांना होईल असे वाटत असताना तो हलक्या माणसांत दिसला. का, याचे सरळ उत्तर अजून मिळालेले नाही. प्रयोग आपल्या समजुतींचीही पत्रास ठेवत नाहीत, हे मला या निष्कर्षात सर्वांत आवडले.

एका बाबतीत मॅकडूगल यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. पावलाची कमान पाहून, पाऊल आत कलते की बाहेर हे तपासून ‘तुमच्यासाठीचा खास बूट’ विकण्याच्या व्यवसायाची त्यांनी खिल्ली उडवली. अमेरिकेच्या पायदळात, वायुदलात आणि मरीन दलात हजारो नवशिक्या सैनिकांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना कमानीप्रमाणे वेगवेगळे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकच. दुखापतींत फरक पडला नाही. दुकानात जाऊन पावलाचा ठसा पाहून चार-पाच हजार रुपये जास्त मोजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मग सिद्ध झालेले मूळ कारण कसे दिसते? यासाठी पायाच्याच दुखण्यांच्या दुसऱ्या एका गटाकडे वळावे लागेल. पुस्तकाच्या युक्तिवादात त्याला जागा नाही. तो म्हणजे मज्जातंतूवर पडणारा दाब. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मुळाशी धावताना विजेसारखी कळ येते, तिचे वर्णन फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टन यांनी १८७६ सालीच केले होते. बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूभोवतीचे आवरण तिथे जाड होते, आणि चिंचोळ्या बुटात ते चिमटले जाते. पुढून रुंद बूट घातला की पुष्कळांना बरे वाटते.

आपल्याकडे अशा दुखण्याला ‘नस दबली’ म्हणतात. हा शब्दच घोटाळ्याचा आहे. रक्तवाहिनी, कंडरा आणि मज्जातंतू या तिघांनाही आपण नस किंवा शीर म्हणतो. शीर तटतटते तेव्हा ती रक्तवाहिनी असते, शिरेवर शीर चढते तेव्हा तो स्नायूचा पेटका असतो आणि नस दबते तेव्हा बहुधा मज्जातंतू. विज्ञानाच्या शिक्षकाने हा फरक पाचवी-सहावीतच करून द्यावा असे मला वाटते. पुढे पुष्कळ गोंधळ वाचतो.

मज्जातंतूवर दाब पडला की आधी त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दबतात. मुंग्या येतात. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, तो बहुतांशी हाच प्रकार. दाब काढला की मिनिटांत सारे ठीक. दाब आठवडे-महिने टिकला तर तंतूवरचे मायलिनचे वेष्टन झिजते, आणि त्याहून वाढला तर आतला तंतूच तुटतो. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत पोचायला त्याला वर्षही लागेल. मनगटातील ज्या बोगद्यातून हाताचा एक मुख्य मज्जातंतू जातो, तिथला दाब १९८१ साली मोजला गेला. निरोगी माणसात हात सरळ असताना तो पाऱ्याचे सुमारे २.५ मिलिमीटर होता, हाताला मुंग्या येणाऱ्या रुग्णांत ३२. मनगट मागे वाकवले की रुग्णांत तोच ११०पर्यंत जात होता. हे आकडे पाहिले की रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून आराम का पडतो ते आपोआप कळते.

घट्ट कंबरपट्ट्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ होते, कारण जांघेपाशी त्वचेचा एक मज्जातंतू दबतो. पट्टा सैल करा, जळजळ जाते. पुन्हा आवळा, परत येते. तासन्‌तास उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्याचे पाऊल कधी कधी अचानक लुळे पडते, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणारा मज्जातंतू त्या बैठकीत चेपला जातो. पाश्चात्त्य वैद्यकात यालाच स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा पक्षाघात असे नाव पडले. बैठक बदलली की बहुतेकांचे पाऊल काही आठवड्यांत पूर्ववत होते. इथे ‘मूळ कारण’ हा शब्द शोभतो. दाबाची जागा माहीत आहे, यंत्रणा माहीत आहे, कारण काढले की परिणाम जातो, पुन्हा घातले की येतो. गादीचे बूट या कसोटीला लागले नाहीत.

अर्थात मज्जातंतूंच्या क्षेत्रातही मूळ कारणाच्या नावाखाली बरेच खपले आहे. संगणकाच्या कळा बडवून मनगटातला मज्जातंतू दबतो, ही १९९०च्या दशकातली ठाम समजूत होती. २००१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पाहणीत संगणकावर रोज तासन्‌तास काम करणाऱ्यांत हा विकार साधारण इतर लोकांइतकाच आढळला. मधुमेह, थायरॉइडची मंदी, गरोदरपण, संधिवात, हादरे देणारी यंत्रे यांच्याशी त्याचा संबंध अधिक पक्का आहे. १९७३ साली अप्टन आणि मॅकोमस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक कल्पना मांडली. हाताचा मज्जातंतू दबलेल्या ११५ रुग्णांपैकी ८१ जणांत मानेपाशीही दोषाची चिन्हे दिसली, तेव्हा एका जागी चेपलेला तंतू दुसऱ्या जागी लवकर बिघडत असावा. कल्पना विचार करण्याजोगी होती. तिचा आधार घेऊन हाताचे प्रत्येक दुखणे मानेतून येते असे सांगणारे मात्र पुष्कळ निघाले. निरोगी लोकांत मानेचे असे दोष किती असतात हा प्रश्न विचारल्याखेरीज ८१ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. बर्नच्या बुटांचीच ही गोष्ट पुन्हा.

मूळ कारण न कळताही उपचार चांगला होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. मनगटातील बोगद्याचे छत असलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने कापला की दाब उतरतो आणि बहुतेक रुग्णांना आराम पडतो, मग तो दाब वाढण्याचे कारण कळलेले असो वा नसो. ‘आम्ही लक्षणावर नाही, मुळावर उपचार करतो’ असे कोणी मोठ्या आवाजात सांगू लागला की मला आधी त्याच्या पुराव्याची चौकशी करावीशी वाटते.

पण भारतात या विषयावर लिहिताना एक मूळ कारण टाळून चालणारच नाही. ते म्हणजे कुष्ठरोग. कोपराच्या आतल्या बाजूचा, गुडघ्याच्या बाहेरचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा हे मज्जातंतू कुष्ठरोगाचे जंतू विशेष करून गाठतात. तंतू सुजून जाड होतो, बोटे बधिर होतात, पाऊल लुळे पडते. वरवर पाहता चित्र ‘नस दबली’ असेच दिसते. भारताने डिसेंबर २००५मध्ये कुष्ठरोग दर दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आणला, पण तो संपला नाही. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. फिकट, बधिर चट्टा आणि हातापायांना मुंग्या असे एकत्र दिसले, तर मसाज आणि व्यायाम यांत महिने घालवणे म्हणजे त्या मुलाचा हात घालवणे. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. मज्जातंतूला सूज असेल तर सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात, आणि बळ कमी होऊ लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्या सुरू झाल्या तर हातापायांचे बळ वाचण्याची शक्यता बरीच असते. मॅकडूगल ज्या स्टिरॉइडला नाके मुरडतात तेच इथे पाऊल वाचवते.

वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे जंतू खात नाहीत. संवेदना गेल्याने भाजलेले, कापलेले, टोचलेले कळत नाही, आणि त्या जखमांनी बोटे झिजतात. मूळ कारण बदलले तसा उपायही बदलला. आजही अशा रुग्णांना मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला दिल्या जातात. परिपूर्ण मानवी पाऊल आणि त्याचा शत्रू असलेला मऊ तळवा, हे चित्र रंगवताना या चपलेची आठवण ठेवायला हवी होती.

आता धावणाऱ्या मुलांकडे येऊ. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. भरतीची तारीख जाहीर झाली की पहाटे डांबरी रस्त्यांवर मुलामुलींचे घोळके दिसू लागतात. कोणी बुटांत, कोणी अनवाणी. महिन्याभरात त्यांतले काही नडगी धरून बसतात. इथे बूट की अनवाणी हा वाद फारसा कामाचा नाही. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडाचे तसे नाही. भार वाढला की हाडातील जुना भाग आधी पोखरला जातो आणि नवा नंतर भरला जातो. मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते. छातीत दम आला म्हणून मुलगा नेमका तेव्हाच अंतर वाढवतो.

किती वाढवावे याचेही एक सूत्र सर्वत्र सांगितले जाते: आठवड्याला दहा टक्के. २००८ साली नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांवर या सूत्राची परीक्षा झाली. सूत्राप्रमाणे १३ आठवडे हळूहळू वाढवत गेलेल्यांत २०.८ टक्के दुखावले, आठच आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांत २०.३ टक्के. फरक शून्य. २०२५ साली ५,२०० हून अधिक धावपटूंच्या नोंदींवरून वेगळे चित्र पुढे आले. आठवड्याची बेरीज तितकीशी महत्त्वाची दिसली नाही. मागच्या ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एकाच दिवशी काढले तर धोका वाढत होता, आणि ते अंतर दुपटीच्या वर गेले तर धोकाही दुपटीच्या वर. हीदेखील पाहणीच आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही. तेवढा सावधपणा इथेही हवा. पण क्रीडाशिक्षकाला वहीत प्रत्येक मुलाची महिन्यातली सर्वांत लांब धाव लिहून ठेवायला खर्च काही येत नाही.

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर अंतर घटवून बहुधा भागते. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येते, तिथे हाडावर दाबले की मूल कळवळते, आणि रात्री झोपेतही ठणकते, असे असेल तर त्याला धावू देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. चित्र स्वच्छ आले म्हणून मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नये.